गर्दीच्या सरकारी रानात एल्कची धनुष्यशिकार: पहिल्या हंगामाची तयारी

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातला माझा पहिला धनुष्याचा हंगाम. सप्टेंबरमधला शनिवार, पहाटेचे साडेचार. कच्चा रस्ता जिथे संपतो तिथल्या मोकळ्या जागेत पोचलो, तर अकरा गाड्या आधीच लागलेल्या. पाच महिने नकाशावर बोट फिरवून मी जी सोंड निवडली होती, तिच्यावर अंधारात तीन दिवे चढत होते. दिवसभरात नऊ शिकारी भेटले, एल्क, म्हणजे सांबराच्या कुळातलं इथलं थोराड हरीण, एकही नाही.

एल्कला काय लागतं ते मी नीट पाहिलं होतं. गवत होतं, पाणी होतं, दाट सावली होती. माणसं कुठून येतील, कुठपर्यंत चालतील आणि कुठे कंटाळून बसतील, एवढंच पाहिलं नव्हतं. वाटाड्या न घेता सरकारी रानात उतरायचं असेल, तर आधी माणसांचा नकाशा काढा आणि मग एल्कचा. नवख्यांना मी सगळ्यात आधी हेच सांगतो.

वाचणाऱ्यांपैकी अनेकांना 'शिकार' हा शब्द टोचेल, त्यांच्यासाठी दोन वाक्यं. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि ती बंदच असावी. इथे मात्र किती जनावरं मारायची ते राज्याचं वन्यजीव खातं कळपांच्या मोजणीवरून ठरवतं, त्यानुसार परवाने काढतं, आणि त्या परवान्यांच्या पैशावर बराचसा वन्यजीव-कारभार चालतो. या चौकटीत राहून, खाण्यासाठी, स्वतःच्या पाठीवर मांस वाहून आणण्याची तयारी असेल तर पुढे वाचा.

परवाना: काम जानेवारीतच सुरू होतं

कोलोरॅडोचं उदाहरण घेतो, कारण मी इथे राहतो आणि एल्कही इथे सगळ्यात जास्त. पावणेतीन-तीन लाखांच्या घरात, म्हणजे अमेरिकेतल्या इतर कुठल्याही राज्यापेक्षा अधिक. धनुष्याचा हंगाम साधारण सबंध सप्टेंबर चालतो. राज्य 'गेम मॅनेजमेंट युनिट' नावाच्या क्रमांकित तुकड्यांत वाटलेलं आहे आणि कोणत्या युनिटमध्ये कोणता परवाना चालतो, ते कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ या राज्याच्या वन्यजीव खात्याच्या नियमपुस्तिकेत दिलेलं असतं. ती दर वर्षी नव्याने वाचा. मित्राने गेल्या वर्षी सांगितलेल्या नियमावर विसंबू नका.

सर्वांत मोठा बदल २०२५ साली झाला. त्याआधी राज्याबाहेरचा माणूससुद्धा बऱ्याच युनिटांसाठी धनुष्याचा एल्क परवाना थेट दुकानातून विकत घेऊ शकत असे. आता बाहेरच्यांना सोडतीतूनच जावं लागतं. अर्जाची मुदत एप्रिलच्या सुरुवातीलाच संपते. ती हुकली तर दुसऱ्या सोडतीवर किंवा उरलेल्या परवान्यांवर भिस्त. कोलोरॅडोचे रहिवासी, म्हणजे सलग सहा महिने इथे राहिलेले, अजूनही बऱ्याच युनिटांचा परवाना थेट घेऊ शकतात. रहिवाशाला खर्च शंभर डॉलरच्या आत येतो, बाहेरच्याला आठशेच्या वर.

१ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकार-प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. हा अभ्यासक्रम हिवाळ्यातच उरकून टाका, ऑगस्टमध्ये वर्ग भरलेले असतात. आपल्याकडच्या खूप जणांचा प्रश्न असतो, 'मी एच-वन-बीवर आहे, मला चालेल का?' तात्पुरत्या व्हिसावरच्या लोकांनी बंदूक बाळगण्यावर केंद्रीय कायद्याची बंधनं आहेत, पण त्या कायद्यात धनुष्य ही बंदूक धरली जात नाही. माझ्या ओळखीचे बरेच मराठी लोक धनुष्याकडे वळले ते याच वाटेने.

माणसांचा नकाशा

आता मुख्य काम. फॉरेस्ट सर्व्हिस प्रत्येक राष्ट्रीय वनाचा मोटार-वापर नकाशा फुकट देते. कोणत्या रस्त्यावर कोणतं वाहन कधी चालतं, ते त्यात असतं. तो आणि जमिनीची मालकी दाखवणारं ऑनएक्ससारखं ॲप शेजारी ठेवा. आधी प्रत्येक रस्ता रंगवा. मग गाड्या लावायच्या जागा, कॅम्पग्राउंड आणि पायवाटांची तोंडं टिपा. प्रत्येक तोंडाभोवती अडीच किलोमीटरचं वर्तुळ काढा. बहुतेक शिकारी त्या वर्तुळातच फिरतात, कारण मेलेलं जनावर त्याच वाटेने परत आणायचं असतं.

इथे नवखा माणूस म्हणतो, 'मग मी आठ किलोमीटर आत जातो.' हा सल्ला सगळेच देतात आणि तो अर्धाच खरा आहे. चांगल्या पायवाटेवर आठ-दहा किलोमीटर आत घोडेवाल्यांचे तळ असतात. फ्लॅट टॉप्ससारख्या प्रसिद्ध भागात तुम्ही दिवसभर चालून जाता आणि तिथे तंबूतून धूर निघताना दिसतो. अंतराने माणसं कमी होतात हे खरं, पण चढणीने आणि गैरसोयीने त्याहून जास्त कमी होतात.

म्हणून वर्तुळांच्या बाहेर शोधण्याआधी वर्तुळांच्या आतल्या कंटाळवाण्या जागा शोधा. रस्त्यापासून जेमतेम एक किलोमीटर, पण वाट नसलेली साडेतीनशे मीटरची खडी चढण. कॅम्पग्राउंडच्या मागचा, थंडगार ओढा ओलांडूनच जावं लागतं असा उतार. खाजगी कुरणाच्या पाठीमागचा सरकारी पट्टा, जिथे पोचायला लांबचा वळसा पडतो. भुंगेऱ्यांनी मारलेल्या झाडांचे ओंडके आडवेतिडवे पडलेलं रान, जिथे शंभर मीटरला दहा मिनिटं लागतात. सह्याद्रीत डोंगर भटकलेल्या माणसाला हे सोपं जातं. धार, खिंड, नाळ, सोंड, माची हे सगळं समोच्च रेषांतून आपल्याला दिसतं, फक्त रान पाइन आणि ॲस्पेनचं असतं.

खाजगी हद्दीबद्दल ताकीद देतो. कोलोरॅडोत जमीनमालकाने पाटी लावलीच पाहिजे असं नाही. हद्द ओळखणं ही तुमची जबाबदारी आहे. नकाशे फोनवर आधीच उतरवून ठेवा, कारण वर नेटवर्क नसतं.

त्यावर एल्कचा नकाशा

एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला चुलतभाऊ. पूर्ण वाढलेला नर सव्वातीनशे किलोपर्यंत जातो, अंगावर हिवाळ्याची तयारी चाललेली असते आणि त्याला सप्टेंबरमध्ये उकडतं. त्यामुळे दिवसा तो उत्तरेकडच्या उतारावरच्या काळोख्या झाडीत बसतो. त्यातही उताराच्या अंगावर मध्येच एखादी सपाट माची असेल, तर बसायला तीच. संध्याकाळी आणि रात्री कुरणात चरतो, पाणवठ्यावर येतो. माजावर आलेला नर चिखलाच्या डबक्यात लोळतो आणि कोवळ्या झाडांवर शिंगं घासतो.

जुलै-ऑगस्टमध्ये टेहळणीला जाल तेव्हा एल्क दिसले म्हणून हुरळू नका. उन्हाळ्यात ते झाडांच्या रेषेच्याही वर असतात, सप्टेंबरात तिथे असतीलच असं नाही. झाडांवरच्या जुन्या घासल्याच्या खुणा शोधा. साल सुकून करडी पडलेली, खोडावर छातीच्या उंचीला उभे ओरखडे. अशी सात-आठ झाडं एका ओळीत सापडली, तर गेल्या कित्येक सप्टेंबरांत नर इथे येत आले आहेत.

दोन्ही नकाशे एकावर एक ठेवल्यावर जिथे एल्कची सोय आणि माणसाची गैरसोय जुळते, अशा निदान पाच जागा निवडा. पाचही एकाच खोऱ्यात नकोत, दोन-तीन वेगवेगळ्या रस्त्यांवर हव्यात. माझा नियम साधा आहे. गाडी लावायच्या जागी तीनपेक्षा जास्त गाड्या दिसल्या, तर मी इंजिन बंदसुद्धा करत नाही, पुढच्या जागेकडे निघतो. म्हणून अर्धा तास लवकर उठायचं.

दिवस निवडायलाही हाच नकाशा कामी येतो. पहिला शनिवार-रविवार सर्वांत वाईट. महिन्याच्या मध्याला नऊ दिवस जुन्या पद्धतीच्या, नळीतून दारू ठासायच्या बंदुकांचा हंगाम वर येऊन बसतो, तेव्हाही वर्दळ वाढते. माज मात्र महिन्याच्या उत्तरार्धात जोरात असतो. सुट्टी एकदाच मिळणार असेल तर मी शेवटच्या आठवड्यातले मधले वार घेईन.

धनुष्य आणि हात

साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे २०२३ साली बर्लिनला जगज्जेते झाले ते कंपाउंड, म्हणजे टोकांना कप्प्या लावलेल्या धनुष्यावर. शिकारीचं धनुष्य त्याच जातीचं असतं, पण काम वेगळं. त्यांना ५० मीटर हे ठरलेलं अंतर आणि स्थिर लक्ष्य असतं. तुम्हाला उतारावर, गुडघ्यावर बसून, धाप लागलेली असताना, कधीही वळू शकणाऱ्या जनावरावर एक बाण मिळतो.

कोलोरॅडोत धनुष्याचा ताण किमान ३५ पौंड आणि बाणाच्या शिकारी पात्याची रुंदी किमान ७/८ इंच लागते. धनुष्याच्या हंगामात क्रॉसबो, म्हणजे बंदुकीसारखा घोडा ओढून बाण सोडायचं आडवं धनुष्य, चालत नाही. ३५ पौंड ही कायद्याची तळरेषा झाली. एल्कची हाडं आणि कातडं पाहता ५०-६० पौंड आरामात ओढता येतील एवढी तयारी करा. ओढताना धनुष्य आकाशाकडे उचलावं लागत असेल, तर ताण तुमच्यासाठी जास्त आहे. धनुष्य ऑनलाइन मागवू नका. दुकानात जाऊन हाताच्या लांबीप्रमाणे बसवून घ्या.

फेब्रुवारीत सुरुवात केली तर सप्टेंबरपर्यंत हात तयार होतो. जूनपासून रोज सकाळी, अंग गरम होण्याआधी, एकच बाण मारा आणि तो कुठे लागला ते लिहून ठेवा. रानात तोच एक बाण असतो. ऑगस्टमध्ये सरावाच्या टोकांऐवजी खरी पाती लावून सराव करा, कारण पात्याचा बाण वेगळा उडतो. पाचपैकी पाच बाण २० सेंटीमीटरच्या ताटलीत ज्या अंतरावर बसतात, ते तुमचं अंतर. बहुतेक नवख्यांचं ते ३० यार्डांच्या आसपास असतं. त्यापलीकडच्या एल्ककडे फक्त बघायचं.

पायांचीही तयारी हवी. कळसूबाई १,६४६ मीटर, आणि इथली शिकार २,७०० ते ३,३०० मीटरवर चालते. मैदानी राज्यातून येत असाल तर दोन दिवस आधी या आणि पहिल्या दिवशी फक्त तंबू लावा. डोकं ठणकू लागलं, मळमळू लागलं तर खाली उतरा. दुपारी विजा होतात, सप्टेंबरात बर्फही पडतो. उपग्रहावरून निरोप पाठवणारं छोटं यंत्र घ्या, भाड्यानेही मिळतं.

रानातला दिवस

वाऱ्यासाठी एक पावडरची छोटी बाटली खिशात ठेवा. मला वाटतं नवख्याने धनुष्याखालोखाल तिच्याशी मैत्री करावी. पहाटे उतारावर उभं राहून ती दाबा. पांढरी भुकटी गुडघ्याच्या उंचीवरून संथ खाली, दरीकडे वाहत जाते. ऊन झाडांच्या शेंड्यांवरून खोडांवर उतरतं तसा तो प्रवाह मंदावतो. नऊ-साडेनऊच्या सुमारास भुकटी तिथल्या तिथे घुटमळते, एकदा डावीकडे, एकदा तुमच्या तोंडावर. मग अचानक वर चढू लागते. संध्याकाळी याच्या उलट. म्हणून पहाटे एल्कच्या खालच्या अंगाला राहा आणि ऊन तापल्यावर वरच्या. मधल्या घुटमळण्याच्या तासाभरात जवळ जाऊच नका, बसून राहा. एकदा मी थांबलो नाही. साठ पावलांवर बसलेला नर एकाएकी उठला, पाच माद्या घेऊन खिंडीपलीकडे गेला. त्याने मला पाहिलं नव्हतं, नुसता वास लागला होता.

आवाजाबद्दल माझं मत ठाम आहे. गर्दीच्या रानात नराचा बिगुल, म्हणजे माजावरच्या नराच्या लांब आरोळीची नक्कल, वाजवत फिरू नका. पहिल्या आठवड्यातच प्रत्येक नराने दहा-बारा नकली बिगुल ऐकलेले असतात आणि तो गप्प होतो. मादीची हळू, मांजरासारखी साद दोन-तीनदा द्या आणि पाऊण तास हलू नका. दबावाखालचा नर उत्तर न देता, तुमचा वास जिकडे वाहतो त्या बाजूने वळसा घेऊन येतो. दोघं असाल तर साद देणारा मागे पन्नास-साठ मीटर, बाण मारणारा पुढे. नर आवाजाच्या दिशेने जाताना पुढच्याजवळून जातो. एकटे असाल तर साद देऊन तीस पावलं पुढे सरका आणि झाडाच्या पुढ्यात बसा. झाडामागे बसलात तर नेम धरायला वाव राहत नाही.

गर्दीचा उपयोगही होतो. जुन्या शिकारीत हाकारे असत. इथे ते काम न सांगता इतर शिकारी करतात. पहाटे पायवाटांवरून माणसं चढली की एल्क बाजूच्या वाट नसलेल्या खिंडीतून निघतात. अशी एक खिंड धरून सकाळी आठ ते दहा नुसतं बसून पाहा.

दुसरा शिकारी आधी पोचलेला दिसला तर जागा सोडा. गाड्यांपाशी भेट झाली तर कोण कुठे जाणार ते मोकळेपणाने सांगा. मला मिळालेली सगळ्यात चांगली जागा अशाच एका म्हाताऱ्या शिकाऱ्याने सांगितली. त्याचे गुडघे आता ती चढण चढत नव्हते.

बाण आणि त्यानंतरचे तास

सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास एवढीच वेळ कायदेशीर. बऱ्याच युनिटांत नर मारायचा असेल तर एका शिंगाला किमान चार टोकं किंवा कपाळावरचं टोक किमान पाच इंच असावं लागतं. ओढण्याआधी मोजा.

जनावर आडवं उभं असावं किंवा किंचित तुमच्यापासून तिरकं वळलेलं. पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या उंचीच्या खालून एक-तृतीयांशावर नेम. समोरून छातीवर नको, मागून नको, फांद्यांमधून नको.

बाण सुटला की बसा. कुठे उभा होता, कुठे शेवटचा दिसला, कुठल्या झाडापाशी वळला, ते मनात घट्ट करा आणि घड्याळ बघा. मग बाण शोधा. रक्त गुलाबी, फेसाळ असेल तर बाण फुप्फुसात गेला, अर्धा तास थांबून माग काढा. काळपट लाल असेल तर यकृत, निदान चार ते सहा तास. बाणावर हिरवट चिकटा आणि घाण वास असेल तर पोट, आठ-बारा तास जवळ जाऊ नका. घाई केली की जखमी जनावर उठतं, मैलभर जातं आणि सापडत नाही. रक्ताच्या प्रत्येक थेंबापाशी कागदाचा तुकडा लावत जा. मागे वळून पाहिलं की दिशा कळते. दिवस गेला तरी शोध सोडू नका. ते जनावर तुमच्यामुळे जखमी आहे.

मांस

जनावर सापडल्यावर आधी परवान्याचा टॅग सही-तारीख घालून पुरा करा. फोटो नंतर. नर की मादी ते ओळखू येईल असा अवयव मांसाला नैसर्गिकपणे जोडलेला ठेवावा लागतो. पोट न फाडता काम करता येतं. एका कुशीवर असताना वरचं कातडं सोलायचं, पुढचा पाय, मागचा पाय, पाठीचा लांब पट्टा, मानेचं मांस काढायचं, मग उलटवायचं. कंबरेच्या आतले दोन मऊ तुकडे शेवटी. चारही पाय, पाठीचे पट्टे आणि ते आतले तुकडे एवढं तरी नेणं कोलोरॅडोत कायद्याने बंधनकारक आहे.

सप्टेंबरची दुपार मांस नासवते. कातडं लगेच काढा, सुती पिशव्यांत घालून सावलीत, वारा लागेल असं टांगा. मोठ्या नराचं हाडं काढलेलं मांस ८० ते १०० किलो भरतं. पाठीवर एका वेळी २५ किलो म्हणजे एकट्याला चार खेपा, त्याही ओंडक्यांवरून. विल्डरनेस म्हणून घोषित भागात चाकाची गाडीही चालत नाही. त्यामुळे जागा निवडतानाच चार खेपांचा हिशोब करा आणि नेम धरण्याआधी पुन्हा करा. पाच किलोमीटर आत, एकटे असाल आणि ऊन तापलेलं असेल तर बाण भात्यातच ठेवा. मी ठेवला आहे, आणि त्याबद्दल मला कधी वाईट वाटलं नाही. मांस वाहताना पाठीवर नारिंगी कापड बांधा. खाली गाडीत बर्फाच्या मोठ्या पेट्या तयार हव्यात.

हरणांच्या मेंदूला होणारा क्रॉनिक वेस्टिंग हा रोग कोलोरॅडोत आहे. डोक्याचा नमुना तपासायला द्या, अहवाल येईपर्यंत पाकिटं वेगळी ठेवा. दुसऱ्या राज्यात नेत असाल तर तिथले नियम पाहा, बऱ्याच ठिकाणी मेंदू आणि कणा नेता येत नाही. स्वयंपाकाचं म्हणाल तर एल्कला चरबी जवळजवळ नसते. पाठीचा पट्टा बकऱ्याच्या मटणासारखा रटरट शिजवला की दोरखंड होतो. त्याला तव्यावर दोन-तीन मिनिटंच द्या. कांदा-लसूण मसाला आणि कुकरच्या शिट्ट्या मागच्या पायाच्या मांसाला, आणि मानेचा खिमा.

पहिल्या हंगामात रिकाम्या हाताने परतण्याची शक्यताच जास्त. धनुष्यवाल्यांपैकी साधारण दहा-बारा टक्क्यांनाच एल्क मिळतो. म्हणून रोज रात्री तंबूत दहा मिनिटं काढून वहीत लिहा. कुठल्या जागी किती गाड्या, कुठल्या वारी, कुठून बिगुल आला, वारा किती वाजता फिरला. त्या अकरा गाड्यांच्या जागेसमोर माझ्या वहीत चार वर्षांच्या नोंदी आहेत. शनिवारी कधी नऊ, कधी तेरा. मंगळवारी दोन. रात्रभर पाऊस झाल्यानंतरच्या बुधवारी एकही नाही, आणि सोंडेच्या माचीवर ताजे खूर. यंदा महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पावसाचा अंदाज आला, की मी तिथे जाणार आहे.